कोरे टायर

डब्याचे टायर मी अकरा वर्षं दर रविवारी पुसले. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग वरून काळं पॉलिश. शेजारी हसायचे. डबा जागचा हलत नाही आणि याचं चाकं नटवणं काही थांबत नाही, म्हणायचे. हसू देत म्हटलं. माझ्या टायरांच्या खोबणीत नख बुडायचं आणि हसणाऱ्यांच्या गाड्यांचे टायर पार गुळगुळीत झालेले होते.

डबा म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची एक खोली. खाली दोन चाकं, आत एक पलंग, हातभर ओटा आणि कपाटाएवढा संडास. निवृत्त झाल्यावर दोघांनी फिरायचं म्हणून घेतला. निवृत्तीला तेव्हा चार वर्षं होती, पण बरा मिळत होता. मग मी निवृत्त झालो, मग डब्याचं छत गळलं, मग सासूबाईंचं आजारपण निघालं, मग पुढल्या वर्षी नक्की, मग त्याच्या पुढल्या. बायकोने डब्याला दोनदा पडदे शिवले. पहिले उन्हाने विटले म्हणून दुसरे. डबा आपला अंगणातच.

आणि शेवटी डबा अंगणातून निघाला तो हॉस्पिटलसाठी.

हिला रक्ताचं दुखणं निघालं होतं. सहा आठवडे रोज औषध चढवायचं आणि त्या काळात अंगात जराही प्रतिकार उरत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, लॉज नको, कुणाचं घर नको, दुसऱ्याने वापरलेला संडास तर नकोच. हॉस्पिटलच्या मागच्या आवारात अशा पेशंटांसाठी नळ आणि विजेची सोय असलेल्या चार जागा आहेत. आपला डबा आणायचा आणि तिथे राहायचं. या चार जागांसाठी ही मोठी यादी. आदल्या दुपारी फोन आला की चार नंबरची जागा रिकामी झालीये, उद्या संध्याकाळी सहाच्या आत डबा जागेवर उभा पाहिजे. नाही आलात तर पुढच्याला देऊ. तुमचा नंबर मग सात आठवड्यांनी.

"सात आठवडे थांबलं तर?" मी फोनवर विचारलं होतं.

"तेवढे तुमच्याकडे नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या सरळ सांगितलं की मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

रात्रभर सामान भरलं आणि पहाटे निघालो. ही गाडीच्या मागच्या सीटवर, उशा लावून आडवी. डब्यात माणूस बसवायचा नाही एवढं तरी मला कळत होतं.

साडेनऊला डब्याचं डावं चाक फुटलं. असा आवाज झाला की ही उठून बसली. उतरून पाहतो तर टायरच्या चिंध्या. मला राग आला, पण घाबरलो नाही, कारण माझ्याकडे स्टेपनी होती. तीही साधीसुधी नाही. डब्याबरोबर घेतलेली, जमिनीला कधीही न टेकलेली, कापडी खोळीतली. खोळ काढून मी ती हिला दाखवली सुद्धा.

"बघ. कोरी करकरीत."

"बघितली. लावा आता," ती म्हणाली.

स्टेपनी लावली, पण स्टेपनीशिवाय पुढे जाणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून पुढच्या गावात टायरचं दुकान दिसल्यावर थांबलो. दुकान एक बाई चालवत होत्या. चाळिशीच्या, बाह्या कोपरापर्यंत वर, बोटं काळी. मी एक टायर मागितला. त्या डब्यापाशी आल्या, उकिडव्या बसल्या आणि माझ्या कोऱ्या स्टेपनीला अंगठ्याने दाबायला लागल्या.

"काका, हे टायर कधीचे?"

"नवेच आहेत. पाचशे किलोमीटरसुद्धा झाले नसतील."

"किती पळालेत ते नाही विचारलं. कधीचे ते विचारलं."

मग त्यांनी मला कडेला एका लांबट गोलात कोरलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष. त्या हिशेबाने तिन्ही टायर बारा वर्षांपूर्वीचे निघाले. बाईंनी कडेचं रबर जरा ओढलं तर आतून केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. पॉलिश पांघरून इतकी वर्षं तिथेच बसल्या होत्या.

"गाडीचे टायर झिजून संपतात. डब्याचे उभ्या उभ्या संपतात," बाई म्हणाल्या. "याच्यावर दहा किलोमीटरही जाऊ नका."

आता मला नीट सांगितलं पाहिजे की मी कोण. मी चौतीस वर्षं औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. आधी आलेला माल पुढे, नवा मागे, आणि मुदत संपलेली एक गोळीही माझ्या हातून कधी बाहेर गेली नाही. लोक मला 'तारीखवाले' म्हणायचे. त्या माणसाला एक टायरवाली तारीख शिकवत होती. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक अडलेलं दिसलं की घाबरवायचं आणि चार टायर गळ्यात मारायचे, हे मी काय ओळखत नाही? असं मी बोललो. तोंडावर बोललो. आणि गाडी सुरू करून निघालो.

"अहो, त्या म्हणतात तर ऐका ना," मागून ही म्हणाली.

"तू पडून राहा."

दोन किलोमीटर गेलो असेन. माझी कोरी करकरीत स्टेपनी फुटली.

घड्याळात अकरा चाळीस. हॉस्पिटल अजून एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हिला पाण्याची बाटली दिली, काचा थोड्या खाली केल्या आणि भर उन्हात उलट्या दिशेने चालायला लागलो. मग धावायला लागलो. चौसष्ट वर्षांच्या माणसाने चामड्याचे बूट घालून धावू नये. बूटही नवेच होते, चार वर्षं खोक्यात जपलेले, आणि ते चावत होते. धावताना मी मोठमोठ्याने स्वतःला शिव्या देत होतो. तारीखवाले म्हणे! बायकोला दवाखान्यात न्यायला निघाले आणि मुदत संपलेल्या मालावर बसवून आणलं.

टायरवाल्या बाई जेवायला बसल्या होत्या. मला पाहिलं, जेवणाचा डबा बंद केला, हात पुसले आणि आपल्या छोट्या टेम्पोत जॅक टाकला. तुम्हाला सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एक कामचलाऊ चाक लावून, चालीच्या वेगाने, त्यांनी डबा दुकानापर्यंत आणवला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सहा वाजता, चार नंबरची जागा, सात आठवडे. सांगताना माझा आवाज मला ऐकवेना. बाई गाडीच्या खिडकीतून हिच्याकडे बघत होत्या.

"दोन्ही चाकांचे बदलावे लागतील. उजवा फुटला नाही, फुगलाय," त्या म्हणाल्या. "डब्याचे खास टायर असतात, जाड कडेचे. या मापाचे डेपोतून मागवते. उद्या अकराला येतील."

"उद्या अकराला येऊन काय करू?"

मी दुकानात शिरलो. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, तसा मी एकेक फळी बघत गेलो. आणि अगदी वरच्या फळीवर मला ते दिसले. तेच माप, तीच जाड कड, खोबणी खोल, नव्या टायरवरचे रबराचे केस अजून तसेच. वापरलेले नाहीत, धूळ तेवढी.

"हे काय, आहेत की!"

"ते विकायचे नाहीत. सात वर्षांचे आहेत. मीच भंगारात टाकायला विसरले."

"पण बघा तरी, किती नवे दिसतात!"

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचीच चूक परत विकत घेताय."

मी ऐकलं नाही. एकशे ऐंशी किलोमीटर तर जायचंय. हळू जाईन. लिहून देतो, काही झालं तर माझी जबाबदारी. मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. मग हात जोडून भागेना तेव्हा ओरडलो. माझी बायको मरेल, कळतंय का तुम्हाला, असं मी भर दुकानात ओरडलो आणि मग लक्षात आलं की गाडीची काच उघडी आहे.

मरणाचा शब्द मी घरात दोन महिने तोंडातून काढला नव्हता. तिनेही नाही.

बाहेर आलो. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा, पण डोळे चांगले लखलखीत.

"झालं ओरडून?" तिने विचारलं. "आता त्या ताईंना जरा इकडे बोलवा."

बाई आल्या.

"ताई, तुमच्याकडे यंदाचे टायर कुठलेच नाहीत का या मापाचे?"

"आहेत. पण ते साध्या मोटारीचे आहेत. कड मऊ असते त्यांची. या डब्याचं ओझं त्यांना झेपायचं नाही."

"किती झेपेल?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मी तासभर घसा फोडत होतो आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

"दोन्ही मिळून नऊशे किलो. पण काठावर मी सोडणार नाही. साडेआठशे."

"मग डबा वजन करून बघा."

शेजारी भंगारवाल्याचा मोठा काटा होता. डबा त्यावर चढवला. एक हजार तीस किलो. म्हणजे एकशे ऐंशी किलो उतरवायचे. तेवढेच किलोमीटर आणि तेवढेच किलो. उतरवलेलं गाडीतही भरायचं नाही, डबा ओढून तिच्या मागच्या चाकांवर आधीच ओझं आहे, असं बाईंनी बजावलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आधी पाण्याची टाकी सोडली. ऐंशी लिटर रस्त्यावर वाहून गेले. उरले शंभर किलो. मग मी डब्याचं दार उघडलं आणि आत काय काय भरलंय ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या गोदामात नवा माल मागे राहायचा, पण त्याची पाळी यायची. घरी पाळी कधी आलीच नाही. विरलेला टॉवेल फाटेपर्यंत वापरायचा आणि नवा कपाटात, वर माझ्या अक्षरात तारखेची चिठ्ठी. हॉस्पिटलला जायचंय म्हणजे आता चांगलं काढू, म्हणून रात्री मी ती सगळी खोकी डब्यात रचली होती. माझ्या बहिणीने दिलेला बेचाळीस नगांचा डिनर सेट, चिठ्ठी एकोणीस वर्षांपूर्वीची. सहा ब्लँकेटं, प्लॅस्टिकसकट. लोखंडी घडीचं टेबल आणि चार खुर्च्या, भेटायला येणाऱ्यांसाठी. जिला कुणी भेटायला यायचं नव्हतं तिच्यासाठी चार खुर्च्या.

बाई एकेक खोकं छोट्या काट्यावर ठेवायच्या आणि खडूने भिंतीवर आकडा लिहायच्या. टेबल आणि खुर्च्या, सत्तावीस. डिनर सेट, एकवीस. ब्लँकेटं, दुसरा गॅस सिलिंडर, कढया. मी हत्यारांची पेटी बाजूला ठेवली होती. ती लागणार, रस्त्यात काही झालं तर?

"पेटी," ही गाडीतून म्हणाली.

"अगं, पण..."

"अहो, रस्त्यात काय होतं ते होऊन गेलं. पेटी उतरवा."

एकोणीस किलो. पेटी उतरली. तरी तेरा किलो जास्त होते. आत उरलं होतं ते औषधं, तिचे कपडे, एक भांडं, गादी आणि तिचं शिलाई मशीन. सहा आठवडे हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने एवढं एकच मागून घेतलं होतं. मी मशीनपुढे उभा राहिलो. गादी कापून अर्धी करता येईल का, असला विचार करत होतो.

"मशीन चौदा किलोचं आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. उतरवा."

मी उतरवलं. ते उचलताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भंगारवाला तोंड फिरवून उगाच काटा पुसायला लागला.

बाईंनी दोन टायर आणले. चार आकडे मी स्वतः वाचले, चष्मा पुसून दोनदा. यंदाचे, दहाव्या आठवड्यातले. तीन महिन्यांचे टायर. बाई रिमवर चढवत होत्या, हवा भरत होत्या, आणि कामात असताना माणूस सहज बोलतो तसं त्यांनी विचारलं, "काका, पाच वर्षं झाली की बदला बरं का. कितीही कोरे दिसले तरी. तुम्ही डबा किती वर्षं फिरवणार आहात?"

बाईंचा हात थांबला, काय विचारलं ते त्यांना कळलं.

"पाच धरा," गाडीतून ही म्हणाली.

बाईंनी खाली मान घालून टायरांच्या कार्डावर पाच लिहिलं आणि शिक्का मारला. "सामान इथे मागे ठेवते. परत येताना घेऊन जा."

"ठेवू नका. वापरा," ही म्हणाली. "खोकी फोडा, ताई. आजच जेवा त्यात." मग म्हणाली, "मशीन तेवढं ठेवा. ते मी परत न्यायला येणार आहे."

एकोणीस वर्षं जपलेला सेट! माझ्या तोंडाशी आलं होतं. मी मुकाट्याने गिळलं.

"साठच्या वर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "दर तासाला थांबून कडेला हात लावून बघा. हात ठेववला तर ठीक."

दोन पस्तीसला निघालो. साठच्या वेगाने एकशे ऐंशी किलोमीटर म्हणजे तीन तास, थांबणं सोडून. सायकलवाले सोडून सगळे आमच्या पुढे गेले. प्रत्येक खड्डा मी चाकं वाचवत ओलांडायचो. मी आरशात डब्याशिवाय काही बघत नव्हतो. तासाने थांबलो, दोन्ही चाकांपुढे गुडघे टेकले, तळहात रबराला लावला. कोमट. हिच्या कपाळाला हात लावला. तेही कोमट, आणि ते नको होतं, थर्मामीटर सदतीस सहा दाखवत होता. अडतीस झाला तर औषध चढवणार नाहीत. पुढचे दोन तास मी दोनच गोष्टी मोजत होतो, चाकाचा ताप आणि हिचा ताप. दुसऱ्या थांब्याला टायर जरा गरम लागला, हात ठेववत होता पण गरम. पंचावन्नवर आलो. घड्याळ मात्र त्याच्या वेगाने चाललं होतं.

"किती वाजले?" ही विचारायची.

"आहे वेळ," मी खोटं बोलायचो.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पहारेकऱ्याच्या हातात कुलूप होतं. सहाला दोन मिनिटं कमी. त्याने वहीत नाव बघितलं, आमच्याकडे बघितलं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका डब्याकडे. यादीतला पुढचा. त्याच्या खिडकीत एक तरुण बाई बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. आमचा डबा आत गेला तशी ती बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. पण मी थांबलो नाही, हे खरं आहे ते सांगतो.

नर्स येऊन ताप बघून गेली. सदतीस चार. सकाळी आठला घेऊन या, म्हणाली.

डबा आतून रिकामा होता, बोललं तर घुमत होता. मी नळाला पाइप जोडला, पाणी तापवलं, हिच्या अंगावर आमचं जुनंच पांघरूण घातलं. चहा केला आणि मग लक्षात आलं की कप नाहीत. सगळे खोक्यात गेले. भांड्यातून कसा द्यायचा, या विचारात होतो तर हिने उशीखालून शाल ओढली. शालीत दोन कप. डिनर सेटमधले, सोनेरी काठाचे.

"खोकं हिने कधी फोडलं?" मी भांड्यालाच विचारलं.

"तुम्ही पेटी उतरवत होतात तेव्हा ताईंनी खिडकीतून दिले. तीनशे ग्रॅम. भिंतीवर लिहायला सांगितलं नाही मी."

येताना एकाच्या काठाचा टवका उडाला होता. तो मी घेतला. आम्ही चहा प्यायलो. डब्यातला आमचा पहिला चहा, अकरा वर्षांनी, हॉस्पिटलच्या भिंतीकडे बघत.

"ते टायर," ती जरा वेळाने म्हणाली. "झिजून संपायला किती लागतं?"

"असतील चाळीस हजार किलोमीटर."

"आज किती झाले?"

"एकशे ऐंशी."

तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. तिचे ओठ हलताना दिसत होते. "म्हणजे एकोणचाळीस हजार आठशे वीस राहिले," ती म्हणाली. "ते संपवायचेत मला. ते पॉलिशचं फडकं आणलं असेल तर आताच फेकून द्या."

आणलं होतं. औषधांच्या पिशवीत, तळाशी. मी ते काढलं, कप विसळतो असं सांगून बाहेर आलो, फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग नळ सोडला आणि माझा आवाज आत जाऊ नये म्हणून तो बराच वेळ तसाच वाहता ठेवला.